इक्राह (इस्लामी कायद्यातील सक्ती व धर्मांतर)

इक्राह म्हणजे धाक घालून एखाद्याकडून मनाविरुद्ध काही वदवून किंवा करवून घेणे. खरेदी-विक्री, तलाक, कबुलीजबाब अशा अनेक प्रकरणांत फिक्ह म्हणजे इस्लामी कायदा याचा विचार करतो. त्यातले सर्वांत अवघड प्रकरण धर्मांतराचे. खानदेशाला हा विषय अगदीच परका नाही. औरंगजेबाने करवून घेतलेला ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा हनफी (सुन्नी कायद्याच्या चार पंथांपैकी एक) पंथाचा संग्रह ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाला ते शेख निजाम बुऱ्हाणपूरचे, आणि बुऱ्हाणपूर हे तेव्हा खानदेश सुभ्याचे मुख्य शहर. त्या ग्रंथात इक्राहवर स्वतंत्र प्रकरण आहे.

हनफींच्या मते धमकी देणाऱ्याच्या अंगात ती खरी करण्याची ताकद हवी आणि ऐकणाऱ्याला तशी धास्तीही वाटायला हवी. या पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा म्हणत, असा धाक सुलतानच घालू शकतो. त्यांच्या शिष्यांनी चोर-दरोडेखोरांनाही त्यात धरले. (सातपुड्याच्या घाटांतून माल नेणाऱ्याला शिष्यांचेच पटले असते.) जीव किंवा अवयव जाण्याची भीती ही पूर्ण सक्ती, साध्या मारहाणीची किंवा कैदेची अपूर्ण.

‘धर्मात सक्ती नाही’ हे कुराणातले वचन (2:256) सगळेच उद्धृत करतात. कायद्याच्या दृष्टीने 16:106 अधिक कामाचे: मन श्रद्धेवर ठाम असताना केवळ जुलमामुळे नकाराचे शब्द निघाले तर दोष नाही. परंपरा हे वचन पैगंबरांचे सोबती अम्मार बिन यासिर यांच्या छळाशी जोडते. म्हणून मानेवर तलवार असताना मुसलमानाने इस्लाम नाकारला तरी तो मुसलमानच राहतो. हनफींच्या मते त्याचा निकाहही मोडत नाही.

तीच तलवार उलट दिशेने फिरली की हिशेब बदलतो. धाकाने कलमा (इस्लाम स्वीकारल्याचे वचन) म्हणणाऱ्याला हनफी बाह्यतः मुसलमान मानतात. पुढे तो फिरला तर संशयाचा फायदा म्हणून देहदंड टळतो, कैद टळत नाही. सक्ती तीच, पण तोंडचा शब्द एकीकडे पोकळ आणि दुसरीकडे वजनदार, ही विसंगती लपत नाही. हन्बली पंथाचे इब्न कुदामा अधिक सरळ: जिम्मीवर, म्हणजे मुसलमानी राज्यात संरक्षण मिळालेल्या बिगर-मुसलमानावर, अशी सक्ती झाली तर त्याचे मुसलमान होणे ग्राह्य नाही, सक्ती उठल्यावरही तो राजीखुशीने त्या धर्मात राहिला तरच ते धरावे.

यावल, रावेर, चोपडा भागातले तडवी भिल्ल मुसलमान आहेत. त्यांचे पूर्वज औरंगजेबाच्या काळात मुसलमान झाले असे सांगतात. ते खुशीने की धाकाने, यावर वाद घालणारे पुष्कळ. फिक्हच्या लेखी मात्र तो प्रश्न पहिल्या पिढीपुरताच, कारण मुसलमान आईबापांचे मूल जन्मतःच मुसलमान.