उलट्या वायरीमुळे आवाज जात नाही

‘स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली की आवाज बंद, वर स्पीकरही जळतो’ असं जुन्या ॲम्प्लिफायरबद्दल वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. तसं काही होत नाही. स्पीकरकडे जाणारा प्रवाह मुळातच सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलत असतो. दोन्ही स्पीकर उलटे जोडले तर फरक कळणारही नाही. एकच उलटा असेल, तर एकाचा कोन (हलणारा पडदा) पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. बास पोकळ होतो आणि मधोमध ऐकू येणारा गायक जागेवर सापडत नाही. पण आवाज असतोच.

अजिबातच आवाज नसेल तर आधी ‘टेप मॉनिटर’चं बटण बघा. ते दाबलेलं असलं की ॲम्प्लिफायर टेप डेकच्या (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या) आवाजाची वाट बघत बसतो, आणि डेक तर केव्हाच भंगारात गेलेला! मग स्पीकर निवडायचा खटका. काही मॉडेलांत ‘ए+बी’वर स्पीकरच्या दोन्ही जोड्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक येतात, ‘बी’ला स्पीकर जोडलेले नसतील तर सर्किटच पूर्ण होत नाही. मागे ‘प्री आउट’ (आतल्या पहिल्या टप्प्यातून सिग्नल बाहेर येतो ती जागा) आणि ‘मेन इन’ (तो पुढच्या टप्प्यात जातो ती जागा) जोडणाऱ्या धातूच्या पिना हरवल्या असतील, तरी तेच. एकाच बाजूचा आवाज जात-येत असेल, तर बहुधा खटक्याचे किंवा रिलेचे (विजेवर चालणाऱ्या आतल्या खटक्याचे) कॉन्टॅक्ट काळवंडलेत.

घाबरायचंच तर वायरीच्या सुट्या तारेला घाबरा. लाल टर्मिनलमधून निसटलेली केसाएवढी तार काळ्याला टेकली, तर आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला प्रवाह पुरवणारे भाग) उडू शकतात. म्हणून जोडणी करताना ॲम्प्लिफायर बंदच हवा.