मानेचं ऑपरेशन कधी गाळता येतं? पेट-सीटीची पार्श्वभूमी

नवं औषध असेल तर चाचणीचा खर्च कंपनी उचलते. "हे ऑपरेशन गाळलं तर चालेल का?" या प्रश्नात मात्र कुणाचाच धंदा नसतो. असे प्रश्न बहुधा देणगीच्या नाहीतर सरकारी पैशावर सुटतात.

मराठवाड्याला अशा पैशावरची चाचणी नवी नाही. 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गेट्स फाउंडेशनच्या निधीतून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा उपयोग जोखणारी चाचणी सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) तपासणी झालेल्या गटात 34 मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात 64. (या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवल्यावरून पुढे वाद झाला; तो रास्तच होता.)

पेट-सीटी म्हणजे किरणोत्सारी साखर टोचून काढलेला स्कॅन; साखर जास्त ओढणारी गाठ त्यात चमकते. त्याबाबतचा असाच प्रश्न ब्रिटनमध्ये सुटला. घशाच्या कॅन्सरची गाठ मानेत उतरली की केमो आणि शेकाच्या (किरणोपचाराच्या) जोडीला मानेच्या गाठीही काढायच्या, ही जुनी रीत. सरकारी निधी, आणि देणग्यांवर चालणारी कॅन्सर रिसर्च यूके ही संस्था, यांच्या पैशावर 'पेट-नेक' चाचणीत 564 रुग्ण घेतले. निम्म्यांना जुनी रीत. बाकीच्यांचा शेक संपल्यावर 12 आठवड्यांनी पेट-सीटी, आणि त्यात गाठ शिल्लक असल्याची शंका आली तरच ऑपरेशन. 2016 चा निकाल: ऑपरेशनं 221 विरुद्ध 54. दोन वर्षांनी हयात रुग्ण जुन्या रीतीत 81.5 टक्के, स्कॅनच्या गटात 84.9.

बारा आठवडे का, तर शेकाने सुजलेला भागही साखर ओढतो. घाईने स्कॅन काढला तर सूजच गाठीसारखी चमकते. सहा तास उपाशी राहायचं, रक्तातली साखर 200 च्या आत हवी. जास्त असेल तर ती टोचलेल्या किरणोत्सारी साखरेशी स्पर्धा करते आणि गाठ फिकी दिसते. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं. बोलणं, चघळणं बंद, तंबाखूची चिमूटसुद्धा नाही, कारण जबड्याचे आणि घशाचे स्नायू उजळतात. एसीत कुडकुडलं तर मानेतली ऊब तयार करणारी तपकिरी चरबी साखर ओढून स्कॅनमध्ये चमकते, म्हणून अंगावर शाल हवी.

टोचायचं हे किरणोत्सारी औषध 110 मिनिटांत निम्मं होतं. मुंबईहून मागवलं तर सहा तासांनी छत्रपती संभाजीनगरला पोचेपर्यंत जेमतेम दहावा हिस्सा उरेल. म्हणजे निघतानाच दहापट भरावं लागेल, आणि गाडी रस्त्यात अडकली तर त्या दिवशीचे रुग्ण उपाशीच परत.

गुटख्याने होणाऱ्या गालाच्या कॅन्सरला मात्र हा निकाल लावू नये. पेट-नेकमधले बहुतेक रुग्ण घशाचे होते. तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशन आधी असतं, आणि टाटा मेमोरियलच्या 2015 च्या निकालात गाठ सुरुवातीच्या टप्प्यात असताना मानेच्या गाठी त्याच वेळी काढलेल्यांपैकी 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के.