खराब दाणा जातो कुठे? दक्षिण साताऱ्यातल्या बाजरीपासून दुधाच्या पिशवीपर्यंत

बाजरीच्या रोगांवरचं शास्त्रीय लेखन चाळलं की ‘साउथ सातारा’ हे नाव पुन्हा पुन्हा समोर येतं. आजच्या नकाशावर असा जिल्हा नाही. १९४९ साली सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानं विलीन झाल्यावर जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. १९६० मध्ये त्यातल्या दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली जिल्हा झालं. मधल्या अकरा वर्षांत या जिल्ह्याच्या नावावर एक नोंद चढली. १९५६ च्या हंगामात इथल्या बाजरीवर अरगट या बुरशीच्या रोगाची मोठी साथ आली. रोग त्याआधी मद्रासकडे दिसला होता, पण देशात साथ म्हणून त्याची पहिली नोंद आपल्याकडची. १९५८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात, मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन माणसांना झालेल्या विषबाधेचंही वर्णन आलं.

अफ्लाटॉक्सिन (दाण्यावरच्या, पेंडीवरच्या बुरशीचं एक विष) हा शब्द तेव्हा जगात कुठेच नव्हता. ‘मायकोटॉक्सिन’, म्हणजे बुरशीने तयार केलेलं विष, हा शब्दही नव्हता. तो १९६२ चा. आज दुधातल्या अफ्लाटॉक्सिनची बातमी आली की आपण तिच्याकडे शहरी, नवं, कारखान्यातून आलेलं दुखणं म्हणून बघतो. आपल्या भागातलं हे प्रकरण त्याहून जुनं आहे आणि त्याची सुरुवात शिवारात झाली.

अरगट होतो कसा, हे नीट पाहिलं तर पुढची बरीच गोष्ट आपोआप उलगडते. बाजरीच्या कणसावर आधी स्त्रीकेसर बाहेर पडतात, परागकोष मागाहून येतात. या मधल्या दिवसांत आभाळ भरून राहिलं, झिमझिम लागली, हवा दमट झाली की बुरशीचे बीजाणू त्या उघड्या केसरांवर रुजतात. आठवड्याभरात कणसातून गुलाबीसर, मधासारखे चिकट थेंब पाझरू लागतात. त्यावर मुंग्या-माश्या येतात, त्यांच्या पायांनी आणि पावसाच्या शिंतोड्यांनी रोग पुढच्या कणसावर जातो. पुढे दाण्याच्या जागी काळसर, कडक, टोकदार गाठ तयार होते. ती मळणीत दाण्याबरोबरच खळ्यावर येते आणि विष तिच्यात असतं. उलट परागकण आधी पोचला तर केसर आक्रसतो आणि बुरशीची वाट बंद होते. म्हणजे सगळा खेळ कोण आधी पोचतो याचा.

(आपल्याकडे बाजरीला ‘गोसावी’ही लागतो. कणसाच्या जागी पानांच्या जटा येतात म्हणून ते झकास नाव. तो वेगळा रोग, त्यात विष नसतं. बोलताना दोन्हींची गल्लत होते.)

युरोपात राय नावाच्या धान्यावर याच कुळातली बुरशी येते. तिथे मध्ययुगात लोकांची बोटं, हातपाय काळे पडून झडत. त्या रोगाला संत अँथनीची आग म्हणत. आपल्या बाजरीवरची बुरशी वेगळी. क्लॅव्हिसेप्स फ्युसिफॉर्मिस हे तिचं नाव १९६७ मध्ये पडलं. तिची विषंही वेगळ्या गटातली: मळमळ, उलट्या, चक्कर आणि न आवरणारी गुंगी. हातपाय झडत नाहीत, एक-दोन दिवसांत माणूस बहुधा सावरतो. म्हणूनच असेल, पण या साथीची आठवण लोकांत फारशी उरली नाही. ‘बाजरी बाधली’ एवढ्यावर विषय संपत असणार.

यावरचा उपाय घरातलाच होता. गाठी दाण्यापेक्षा हलक्या, त्यामुळे सुपात पाखडताना बऱ्याच निघून जातात. बियाण्यासाठी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतायचं, तरंगेल ते काढून टाकायचं आणि तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. ही शिफारस कृषी खातं आजही करतं. खाण्याच्या धान्यात अरगटाचं प्रमाण वजनाने ०.०५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असा नियम आहे, म्हणजे क्विंटलमागे ५० ग्रॅम. मूठभर.

इथे एक समज तपासायला हवा. पारावर विषय निघाला की ‘हे सगळं हायब्रीडनं आणलं’ असं ठासून सांगितलं जातं. संकरित ज्वारी सीएसएच-१ आली १९६४ मध्ये, संकरित बाजरी एचबी-१ आली १९६५ मध्ये. आपली साथ त्याआधी नऊ वर्षं. १९५६ चं खापर हायब्रीडवर फुटत नाही. ते त्या वर्षीच्या हवेचं काम. हायब्रीडने केलं ते वेगळंच: अधूनमधून येणाऱ्या पाहुण्याला त्याने घरातला केला. देशी बाजरी मागेपुढे फुलते, शिवारात कुठून ना कुठून पराग उडत असतोच. संकरित वाण एकदम फुलणारं; सगळ्या रानाचे केसर एकाच वेळी उघडे, आणि नेमका तेव्हा पाऊस गाठला की संपलं. पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेत अरगटाला दाद न देणाऱ्या बाजरीवर बरीच वर्षं काम झालं, ते याच परागाच्या शर्यतीला धरून.

ज्वारीचंही तेच. जुनी खरिपाची उंच ज्वारी पाऊस उघडल्यावर पिकायची. बुटकी, लवकर येणारी संकरित ज्वारी सप्टेंबरात, भर पावसात दाण्यावर येऊ लागली आणि बुरशीने काळी पडू लागली. भाकरी करपल्यासारखी दिसे, चव जाई. रब्बीची मालदांडी मात्र कोरड्या हवेत पिकते, म्हणून ती पांढरी राहिली आणि महागही. उत्पन्न वाढलं हे खरंच. सत्तरच्या दशकात पोटाला धान्य मिळालं त्यात या वाणांचा मोठा वाटा आहे. पण काळ्या ज्वारीला बाजारात भाव नव्हता आणि ती कुणी फेकूनही देत नव्हतं. खाण्याजोगी नाही ती जनावराला, जनावर तोंड लावत नाही ती कोंबड्यांना. घराघरातला हा नियम पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे.

आता थोडं बाहेर जाऊ. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीचे लाखभर पक्षी काही महिन्यांत मेले. कारण कळेना म्हणून रोगाला नाव दिलं ‘टर्की एक्स’. शोध घेता घेता सगळे धागे एका खाद्यघटकापाशी आले: ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड. पेंडीवर अॅस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळसर-हिरवी बुरशी होती. तिच्या नावातल्या अक्षरांवरून विषाला ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हटलं गेलं. अतिनील दिव्याखाली त्याचे काही अंश निळे चमकत, काही हिरवे. निळे ते ‘बी’, हिरवे ते ‘जी’. त्याच सुमाराला अमेरिकेत तळ्यात वाढवलेल्या ट्राउट माशांना यकृताचे कर्करोग होत होते, तिथे बोट गेलं सरकीच्या पेंडीकडे. शेंगपेंड आणि सरकी. आपल्या गोठ्यातलं अख्खं आंबोण या दोन शोधांत आलं.

त्या काळी शेंगतेल आणि पेंड म्हणजे आपल्या भागाचं नगद पीक होतं. भुईमुगाच्या एका वाणाचं नावच कराड ४-११. भारताची पेंड युरोपात जनावरांच्या खाद्यासाठी जायची. १९७४ मध्ये युरोपीय समुदायाने पशुखाद्यातल्या अफ्लाटॉक्सिनवर मर्यादा घातली. तिथे न खपणारी पेंड कुणी समुद्रात बुडवत नाही. ती देशातल्या गव्हाणीतच येणार.

त्याच १९७४ ची दुसरी घटना जास्त भयंकर. ऑक्टोबरात अवकाळी पाऊस झाला आणि राजस्थानातला बांसवाडा, गुजरातमधला पंचमहाल या भागातल्या आदिवासी गावांत ओला मका घरात साठवला गेला. पुढच्या आठवड्यांत कावीळ, पोटात पाणी. गावातली कुत्रीही तशीच मेली. ३९७ माणसं आजारी पडली, १०६ दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मक्यात अफ्लाटॉक्सिन मोजलं तेव्हा किलोला ६ ते १५ मिलिग्रॅम निघालं. आपली आजची मर्यादा तृणधान्यांसाठी किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे सगळ्यात वाईट नमुना हजारपट. खाणाऱ्यांना दाणा खराब दिसत नव्हता असं नाही. घरात दुसरं धान्य नव्हतं.

१९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी, पोटात गुडगुड, जुलाब झाले. तिथे सापडलं फ्युमोनिसिन हे बुरशीचं आणखी एक विष, जे १९८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ओळखलं गेलं होतं. यातही काळा दाणा ज्यांच्या ताटात होता, त्यांनाच त्रास.

दुष्काळी तालुक्यांना वाटेल की हा पावसाळी भागाचा रोग, आपल्याला काय. जत, आटपाडी, माण, खटावकडे भुईमुगाचं गणित उलटं चालतं. शेंग भरताना पावसाने ताण दिला, जमीन तापली, की शेंग मातीत असतानाच अॅस्परजिलस आत शिरतो. मग काढणी कितीही कोरडी करा. कडू दाणा थुंकून टाकायची सवय चांगली, पण त्यावर भिस्त ठेवू नये. अफ्लाटॉक्सिनला स्वतःची चव नाही, रंग नाही. उकळून ते जवळजवळ तसंच राहतं, भाजूनही पुरतं जात नाही.

साठवणीबद्दल सांगलीला पेवांचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. हरिपूरच्या जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची. पेव लिंपून बंद केलं की आतला प्राणवायू संपतो, किडीला आणि बुरशीला जगता येत नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, ही जुनी ताकीद त्यातूनच आलेली. पण पेव हवेला अडवतं, कृष्णेला नाही. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी गेलं.

हळदीचं आणि तासगावच्या बेदाण्याचं दैव थोडं बरं, कारण त्यांचं गिऱ्हाईक परदेशात आहे. बेदाण्यात काळ्या अॅस्परजिलसमुळे ऑक्राटॉक्सिन हे विष येऊ शकतं, हळदीत अफ्लाटॉक्सिन. युरोपला माल पाठवायचा तर दोन्ही तपासावी लागतात. मक्याला, भरड्याला असा तिऱ्हाईत पहारेकरी नाही. अडत्याच्या दारात मॉइश्चर बघतात, ते वजनासाठी.

आणि मग दूध. गाय-म्हैस अफ्लाटॉक्सिन बी-१ खाते, यकृतात त्याचं रूपांतर होऊन एम-१ बनतं आणि एका दिवसाच्या आत ते दुधात उतरतं. खाल्लेल्यापैकी साधारण एक-दोन टक्के, जास्त दूध देणाऱ्या जनावरात सहा टक्क्यांपर्यंत. खाद्य बदललं की तीन-चार दिवसांत दूध साफ होतं. हिशोब करून बघू. पशुखाद्याच्या भारतीय मानकात बी-१ ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम. रोज ५ किलो खाद्य म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. दोन टक्के धरले तर २ मायक्रोग्रॅम दुधात. गाय १० लिटरची असेल तर लिटरला ०.२. आपली मर्यादा ०.५, तेव्हा पास. युरोपची ०.०५, तिथे चौपट नापास. आता तेच खाद्य जुन्या बुरसट मक्याचं, किलोला १०० मायक्रोग्रॅमचं धरा. लिटरला १ मायक्रोग्रॅम, आपल्याही मर्यादेच्या दुप्पट.

२०१८ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले आणि २०१९ च्या ऑक्टोबरात निष्कर्ष जाहीर केले. ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-१ मर्यादेबाहेर होतं. पाणी, युरिया, डिटर्जंट अशा भेसळीपेक्षा हा प्रश्न मोठा निघाला. त्यातही कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात प्रमाण जास्त आढळलं. पाश्चरायझेशनने ते वाढत नाही, पण कमीही होत नाही. भेसळ पकडायला चोर तरी असतो. इथे चोर कुणीच नाही: शेतकऱ्याने स्वस्त भरडा घेतला, भरडणाऱ्याने स्वस्त मका घेतला, मका विकणाऱ्याने ऑक्टोबरच्या पावसात भिजलेला माल कसाबसा वाळवला.

विटा, खानापूरकडचे पोल्ट्रीवाले या बाबतीत दूधवाल्यांच्या पुढे आहेत. कोंबडी यकृताने नाजूक, अंडी लगेच घटतात, नुकसान आठवड्यात वहीवर दिसतं. म्हणून ‘टॉक्सिन बाइंडर’ हा शब्द तिथे मिठासारखा वापरात आहे. ही मातीसारखी भुकटी विषाला आतड्यात धरून ठेवते. गाईचं तसं नाही. ती थोडं दूध कमी देते, उलटते (म्हणजे गाभण राहत नाही), आणि डॉक्टर मिनरल मिक्स्चर लिहून देतात.

अलीकडे मुरघास, म्हणजे हवाबंद दाबून मुरवलेला हिरवा चारा, आला. चांगला दाबला, हवा बंद राहिली तर तो पेवाचाच भाऊ. बॅगेला उंदराने भोक पाडलं की तिथून हात-दीड हात पांढरा-हिरवा थर चढतो. तो काढून टाका, असं सगळेच सांगतात आणि बहुतेक लोक काढतातही. परवा एका गोठ्यात तो थर घमेल्यात भरून उकिरड्यावर नेताना पाहिला. मालक परत फिरायच्या आत शेजारच्या दोन शेळ्या तिथे पोचल्या होत्या.