पथनाट्य आणि प्लेबॅक: छावणीत जाण्याआधी एवढं वाचा

आपत्तीनंतरच्या मदतकार्याची बैठक असली की कुणीतरी म्हणतंच, "लोकांची मनं मोकळी व्हायला एखादं पथनाट्य बसवूया." शेजारचा मान डोलावतो, "हो, ते प्लेबॅक म्हणतात ना, तेच." दोघांनाही वाटतं की आपलं एकमत झालं. हा घोळ इतक्या वेळा ऐकलाय की आता लिहूनच टाकतो.

पथनाट्य तुम्हाला ठाऊक आहे. डफ, गोल रिंगण, वीस मिनिटं, शेवटी घोषणा. काय सांगायचं ते आपण घरूनच ठरवून नेतो. आपत्तीच्या कामात त्याची जागा मोठी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात साडेसात हजारांवर माणसं गेली, ती प्रामुख्याने दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, ओझ्याखाली. भिंतीत आरपार जाणारे दगड का घालायचे, चारी भिंती बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा कशासाठी, हे गावाला पटवायला पथनाट्यासारखं साधन नाही. पाणी उकळून प्या, साप चावला तर थेट दवाखाना गाठा, हीही त्याचीच कामं. ती त्याने खुशाल करावीत.

प्लेबॅक थिएटर १९७५ साली जोनाथन फॉक्स आणि जो सालास यांनी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सुरू केलं. फॉक्स त्याआधी स्वयंसेवक म्हणून नेपाळमधल्या एका खेड्यात राहिले होते. यात संहिता नसते. एका बाजूला दोन खुर्च्या, एक सूत्रधाराची आणि एक सांगणाऱ्याची. समोर चार-पाच नट, एक वादक, थोडी रंगीत कापडं. प्रेक्षकांतलं कुणी उठून खुर्चीत बसतं, स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग सांगतं आणि आपली भूमिका कुणी करायची तेही स्वतःच निवडतं. सूत्रधार म्हणतो, "पाहूया." नट तालमीशिवाय तो प्रसंग तिथल्या तिथे उभा करतात आणि शेवटी सांगणाऱ्याकडे वळून थांबतात. "असंच होतं का?" याचं उत्तर त्याने द्यायचं. कॅटरीना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये असे प्रयोग झाले.

संहिता आहे की नाही, नट किती, जागा कुठली, हे फरक कुणालाही दिसतात. गफलत होते ती पुढे. प्लेबॅक म्हणजे लोकांकडून आपत्तीच्या त्या रात्रीची हकिकत वदवून घ्यायची, सगळ्यांनी रडायचं आणि मग हलकं वाटतं, असा समज पक्का बसलाय. तो धोक्याचा आहे. घडलेलं सगळं एकाच बैठकीत बोलायला लावायची 'डीब्रीफिंग' नावाची पद्धत एके काळी फार चालली. तिने पुढचा मानसिक आजार टळत नाही असं अभ्यासांत दिसलं, आणि नुकत्याच आघातातून गेलेल्यांसाठी ती वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. संघटनेच्याच २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत सूत्र आहे: बघा, ऐका, जोडून द्या. कुणालाही बोलण्याची सक्ती करू नका, हेही तिथेच आहे.

म्हणून चांगला सूत्रधार "त्या रात्री काय झालं?" असं विचारत नाही. तो विचारतो, "आज सकाळपासूनचं काय आठवतंय?" मग कुणी टँकरच्या रांगेतलं भांडण सांगेल, कुणी चिखलातून अख्खी निघालेली लोणच्याची बरणी. ते ऐकून मागच्या रांगेतल्या आजींना त्यांचं काही आठवेल. कुणाला ती रात्रच सांगायची असेल तर तो सांगेल, पण केव्हा आणि किती, हे तोच ठरवणार. ज्याचं सगळं हातातून गेलं, त्याच्या हातात निदान त्याची गोष्ट राहते. सगळा फरक इथे आहे. पथनाट्यात गोष्ट आपली आणि ऐकणारे ते. प्लेबॅकमध्ये गोष्ट त्यांची, आपण ती घटकाभर हातात घेऊन जपून परत द्यायची.

पूरग्रस्तांच्या एका छावणीत एका गटाने पुराचंच पथनाट्य केलेलं मी पाहिलं. निळी साडी हलवून पाणी दाखवलं, त्यात कापडी बाहुली वाहून गेली. पुढे बसलेली एक बाई उठून निघून गेली. अहवालात लिहिलं होतं, 'भावनांना वाट मिळाली.' ते वाक्य मला अजून सहन होत नाही. रडू आलं म्हणजे उपचार झाला, असं मानणाऱ्या गटाने छावणीत पाऊल टाकू नये. समुपदेशकाशी आधी बोलणं न करता आणि पुन्हा येण्याची तयारी न ठेवता प्लेबॅकही करू नये. फोटो तर अजिबात काढू नयेत.

आणि माझं स्पष्ट मत असं की या दोन्हींच्या आधी गावाची स्वतःची कला येते. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर जपानच्या तोहोकू किनाऱ्यावर लोकांनी ढिगाऱ्यातून आपले ढोल आणि मुखवटे शोधून काढले. तिथलं हरणाच्या मुखवट्यांचं नृत्य पूर्वीपासून मृतांच्या स्मरणार्थही होत आलंय. ते पुन्हा उभं राहिलं, कारण ते कसं करायचं हे गावालाच माहीत होतं. आपल्याकडे बहुतेक प्रत्येक गावात भजनी मंडळ असतं. पुरात त्यांचा पखवाज भिजून फुगतो, पेटीचे सूर जातात, आणि नुकसानीच्या पंचनाम्यात त्याला रकाना नसतो. मदतीची यादी करताना मी ब्लँकेटांच्या खालोखाल एक पखवाज आणि टाळांचे दहा जोड लिहितो.