असीरगडाखालचे पाद्री : कॅथलिक-मुस्लिम संवादाची खानदेशी पार्श्वभूमी

कॅथलिक आणि मुसलमान यांच्यातल्या संवादाचा विषय निघाला की गाडी थेट १९६५ सालच्या व्हॅटिकन परिषदेवर जाऊन थांबते. आपल्याकडे त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी हे दोघं समोरासमोर बसले होते, भांडलेही होते. त्यातला एक खटका तर खानदेशातच उडाला, बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या वेढ्यात.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात गेलं म्हणून आपण ते मनातून वजा करतो, पण फारुकी घराण्याच्या खानदेशाची ती राजधानी. थाळनेरपासून सुरू झालेली ही सत्ता १३८२ ते १६०१ टिकली. राजा अलीखानानं बऱ्हाणपुरात बांधलेल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे, त्यात फारुकींची वंशावळ आणि हिंदू कालगणनेतली तिथी. सांगायचा मुद्दा, परक्या भाषेचं किंवा परक्या धर्माचं या मुलखाला वावडं नव्हतं. भांडण आलं ते समुद्राकडून.

बऱ्हाणपूरहून थाळनेर, नंदुरबार, नवापूर करत सुरतेला जाणारा रस्ता व्यापाऱ्यांचा होता, तसा हजच्या यात्रेकरूंचाही. सुरतेत पोचल्यावर मात्र गाठ पोर्तुगीजांशी. त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतल्याशिवाय जहाज हाकारता येत नसे, आणि त्या कागदावर मरियम आणि येशू यांची चित्रं असत. अकबराच्या दरबारातल्या मखदूम-उल-मुल्क या धर्मपंडितानं यावरून फतवा काढला : खुश्कीच्या वाटेवर शिया इराण, पाण्यावर फिरंग्यांचा चित्रांचा परवाना, तेव्हा हज सध्या फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाही. अकबराच्या काळातल्या बदायुनी या इतिहासकारानं हे नोंदवून ठेवलंय ते या गृहस्थांची लबाडी दाखवायला, ही गोष्ट वेगळी. पण अडचण खरीच होती. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तर तिलासुद्धा परवान्यापायी सुरतेत वर्षभराच्या आसपास अडकून पडावं लागलं.

अशा वातावरणात १५८० मध्ये अक्वाविवा, मोन्सेरात आणि एन्रिकेश हे तीन जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाचे पाद्री, गोव्याहून फतेहपूर सिक्रीला पोचले. अकबरानंच बोलावणं धाडलं होतं. इबादतखान्यात, म्हणजे अकबराच्या धर्मचर्चेच्या दालनात, उलेमांशी वाद झडले. पाद्र्यांना वाटलं बादशहा बाप्तिस्मा घेणार. बादशहाला ऐकायचं सगळ्यांचं होतं, व्हायचं कुणाचंच नव्हतं. ती मंडळी हात हलवत परतली. १५९५ मध्ये तिसरी तुकडी आली, तिचे प्रमुख जेरोम झेवियर. गोव्याच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या घराण्यातलेच. त्यांनी फारसी शिकून घेतली, पुढे त्याच भाषेत ख्रिस्तचरित्रही लिहिलं. अकबर दक्षिणेत उतरला तेव्हा झेवियर आणि त्यांचे जेझुइट सोबती बेंटो द गोइश त्याच्या छावणीबरोबर खानदेशात आले.

१६०० मध्ये बहादूरशहा फारुकी असीरगडावर दरवाजे लावून बसला होता. गडावरच्या तोफा अचूक मारा करत होत्या, आणि जेझुइटांच्या वृत्तान्तावर विश्वास ठेवायचा तर त्या बाजूला सात पोर्तुगीज होते, तेही इस्लाम स्वीकारलेले. अकबराकडे मोठ्या तोफांची चणचण. त्यानं झेवियरला बोलावून सांगितलं, चौलच्या पोर्तुगीजांना पत्र लिहा, तोफा आणि दारूगोळा मागवून घ्या. झेवियरनी नकार दिला, हे ख्रिस्ती धर्माच्या विरुद्ध आहे म्हणून. व्हिन्सेंट स्मिथ या इतिहासकारानं खोचक शंका काढलीय की धर्म हे निमित्त होतं, पोर्तुगीजांचा बहादूरशहाशी करार होता. मला शंका पटते. तोफा द्यायला ज्यांचा धर्म आड आला नव्हता असे पोर्तुगीज त्या काळी कमी नव्हते. अकबर भडकला, दोघांना चालते व्हा म्हणाला. कुणा हितचिंतकानं कानात सांगितलं, लांब जाऊ नका, राग ओसरेल. ओसरलाही.

गड १७ जानेवारी १६०१ ला पडला. कसा, यावर दोन साक्षी आहेत. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल म्हणतो, गडावर रोगराई पसरली. जेझुइट म्हणतात, बहादूरशहाला अभय देऊन खाली बोलावलं, अडकवलं, आणि बाकीचं काम सोन्यानं झालं. सापडलेले ते सात पोर्तुगीज झेवियरनी मागून घेतले आणि पुन्हा ख्रिस्ती करून घेतले. अकबरानं सुभ्याचं नाव शहजादा दानियालवरून दानदेश ठेवलं, ते काही कुणाच्या तोंडी रुळलं नाही. त्याच वर्षी त्यानं गोव्याच्या पोर्तुगीजांकडे वकील पाठवला, सोबत गोइश. कारण तेच : समुद्र.

पुढं १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी सुरतेजवळ ‘रहीमी’ पकडलं. जहाज जहांगीरच्या आईचं, यात्रेकरू वाहणारं. जहांगीरनं आग्र्याचं चर्च बंद केलं, पाद्र्यांचा तनखा तोडला. ज्या चर्चला त्याच्या बापानं परवानगी दिली, ते एका जहाजापायी कुलूपबंद.

नंतरचा मोठा काळ खानदेशापुरता रिकामाच आहे. रेल्वे आल्यावर भुसावळला गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कॅथलिक स्थिरावले. आदिवासी भागात काम केलं ते मुख्यतः प्रोटेस्टंट मिशनांनी.

रोमनं भूमिका बदलली ती २८ ऑक्टोबर १९६५ ला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या जाहीरनाम्यात चर्च मुसलमानांकडे आदरानं पाहतं असं नमूद झालं, जुनी वैरं विसरू या असंही. १९६७ पासून रमजान संपताना व्हॅटिकनचा शुभेच्छा संदेश निघतो. २००६ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या भाषणात बायझंटाइन सम्राटाचं इस्लामवर टीका करणारं एक अवतरण दिलं आणि जगभर निदर्शनं पेटली. वर्षभरानं १३८ मुस्लिम विद्वानांनी पत्र लिहून बोलणं पुन्हा जुळवलं. २०१९ मध्ये अबू धाबीत पोप फ्रान्सिस आणि कैरोच्या अल-अझर या इस्लामी विद्यापीठाचे शेख अहमद अल-तय्यब यांनी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या.

भारतात मात्र या दोन समाजांचं जमतं किंवा बिनसतं ते दस्तऐवजांवरून नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान दोघंही अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत, म्हणून यादीत घेण्याच्या मागणीसाठी ते एका मांडवात बसतात. अल्पसंख्याक शाळांना हक्क देणाऱ्या घटनेच्या ३०व्या कलमाची गोष्ट तीच. याउलट केरळात मुनंबमला बहुतेक लॅटिन कॅथलिक असलेल्या कुटुंबांच्या जमिनीवर वक्फचा दावा आला, आणि २०२५ मध्ये वक्फ कायद्याच्या दुरुस्तीला तिथल्या बिशपांनी उघड पाठिंबा दिला. मुस्लिम संघटना त्याच वेळी त्या दुरुस्तीविरुद्ध रस्त्यावर होत्या.