स्लाइड सिंक करणे

दोन सिलेंडर आणि दोन कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेल्या मोटरसायकलचा एक्सलेटर पिळला की दोन्ही कार्बोरेटरच्या स्लाइड एकाच वेळी आणि सारख्याच उचलल्या पाहिजेत, त्यासाठी केबल जुळवायच्या कामाला स्लाइड सिंक म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा विषय निघाला की डोळ्यासमोर पहिली येते ती राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी ३५० जी एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून भारतात बनवली, ३४७ सीसी, टू-स्ट्रोक. यामाहाच्याच आरएक्स १०० ला एकच कार्बोरेटर, तिथं सिंक करायचा प्रश्नच नाही.

स्लाइड म्हणजे कार्बोरेटरच्या गळ्यात वर-खाली होणारा नळकांड्यासारखा तुकडा, खाली सुई लटकलेली, वर स्प्रिंग आणि केबल. मुठीकडून एकच केबल निघते, पुढं तिचे फाटे फुटून दोन कार्बोरेटरकडं जातात आणि एक ऑइल पंपाकडं, म्हणजे इंजिनाला टू-स्ट्रोक ऑइल पुरवणाऱ्या पंपाकडं. केबल जुन्या झाल्या की सारख्या ताणत नाहीत, मग एक स्लाइड आधी उठते, दुसरी मागनं.

फरक नेमका कुठं जाणवतो ते समजून घेतलं पाहिजे. एक स्लाइड २ मिमी उचलली आणि दुसरी १ च, तर एका सिलेंडरला दुसऱ्याच्या निदान दुप्पट वाट उघडी मिळते, पण दोन्ही २० मिमीच्या आसपास असताना त्याच १ मिमीला काही किंमत नसते. म्हणून चोर्ला घाटात फुल एक्सलेटरवर झकास चढणारी गाडी बेळगावच्या खडेबाजारच्या गर्दीत हळू चालवताना गचके देते, हँडल थरथरतं, एका सायलेन्सरचा धूर जास्त दिसतो, प्लग काढले तर दोघांचा रंग वेगळा.

इथंच बरेच जण सरळ एअर स्क्रू (हळू चालताना हवेचं प्रमाण ठरवणारा) पिळायला घेतात, ते चुकीचं आहे, आधी स्लाइड जुळल्या पाहिजेत मगच स्क्रू. इंजिन बंद ठेवून फिल्टरकडचं रबर काढायचं, दोन्ही आयडलिंग स्क्रू (मूठ सोडल्यावर स्लाइड किती उघडी राहते ते ठरवणारे) स्लाइड पूर्ण खाली बसेपर्यंत मागं घ्यायचे, मग एक्सलेटर अगदी हळू पिळत दोन्ही तोंडात एक-एक बोट घालून बघायचं की दोन्ही एकदम हलतात काय. बोटावर भरवसा नसेल तर सारख्या जाडीचे दोन ड्रिल बिट स्लाइडखाली घालायचे, गुळगुळीत दांड्याची बाजू आत घालून, दोन्ही एकाच क्षणी सैल झाले की जुळलं. जी मागं राहते तिच्या कार्बोरेटरवरच्या अ‍ॅडजस्टरनं केबल ताणायची आणि अ‍ॅडजस्टर जागेवर धरणारा लॉकनट आवळायचा, लॉकनट ढिला राहिला तर सगळी मेहनत पाण्यात. कानानंही कळतं, मूठ पिळून एकदम सोडली की दोन्ही स्लाइड खाली आपटतात, एकच ‘टक’ आला तर बरोबर, ‘टक-टक’ आला तर अजून फरक आहे. उद्यमबागच्या कारखान्यांच्या आवाजात मात्र ही ट्रिक चालायची नाही, तिथं "दोन्ही संगट उठतेत काय बघ की" म्हणत बोटच घालावं लागतं.

केबलला थोडा लूज ठेवायलाच पाहिजे. गाडी चालू करून हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवायचं, रेस वाढली तर केबल ताणलेली आहे असं समजायचं. इंजिन गरम झाल्यावर दोन्ही आयडलिंग स्क्रू सारखे आत घ्यायचे, एअर स्क्रू साधारण दीड आट्यापासून सुरू करून प्रत्येक कार्बोरेटरचा वेगवेगळा लावायचा, आणि दोन्ही सायलेन्सरमागं हात धरून धुराचा धक्का सारखा लागतो काय बघायचं.

स्लाइड काढून परत बसवताना खाच बॉडीतल्या पिनवरच आली पाहिजे आणि बुडाचा तिरका कापलेला भाग फिल्टरच्या बाजूला. उलटी बसली तर रेस खाली येतच नाही, अशी गाडी रस्त्यावर काढणं धोक्याचं आहे.

फोर-स्ट्रोक मल्टिसिलेंडर गाड्यांचं सिंक व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवेची ओढ मोजणारं मीटर) लावून करतात, टू-स्ट्रोकला त्याचा फारसा उपयोग होत नाही. राजदूतला उलट एक काम जास्तीचं असतं, केबल हलवल्या की ऑइल पंपावरची, त्याची केबल कुठं असावी ते दाखवणारी खूण परत जुळवावी लागते, आणि ती स्लाइड जुळल्यानंतरच, कारण आधी जुळवली आणि मग केबल ताणली तर एक्सलेटरच्या मानानं ऑइल कमी पडून पिस्टन जाम होऊ शकतो.