पेन ड्राइव्हवरून जुनी ऑपरेटिंग सिस्टीम चालवणे

लॅपटॉपच्या आतल्या हार्ड डिस्कवर काहीही न टाकता पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची हार्ड डिस्क किंवा सीडी यांवरून थेट सुरू होणारी आणि कंपनीने अपडेट देणे थांबवलेली ऑपरेटिंग सिस्टीम वापरण्याची पद्धत; इथे तिचा विचार गोव्याच्या संदर्भात. ‘विंडोज मारायचा’ पेन ड्राइव्ह वेगळा आणि हा वेगळा. पहिल्यावर फक्त इन्स्टॉलर असतो, काम झाले की तो खिशात टाकता येतो. दुसऱ्यावर अख्खी सिस्टीम असते, त्यामुळे लॅपटॉप बंद होईपर्यंत तो सहसा जागचा हलवता येत नाही.

जुनी म्हणजे किती जुनी, याचे उत्तर कंपनीच्या तारखांवरून मिळते. विंडोज एक्सपी 2001 मध्ये बाजारात आली आणि 8 एप्रिल 2014 रोजी तिचे अपडेट थांबले. विंडोज 7 ची मुदत 14 जानेवारी 2020 ला संपली आणि विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 ला. तरी या प्रकारात मुख्यतः एक्सपी, तिच्या आधीची विंडोज 98 आणि आज्ञा टाइप करून चालणारा जुना डॉस यांचाच विचार होतो. जुन्या लॅपटॉपवर खास कामासाठी अडून बसलेली सॉफ्टवेअर त्या काळातली आहेत.

बूट होताना काय घडते

लॅपटॉप सुरू केल्यावर पहिला ताबा बायॉसकडे, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रामकडे असतो. बायॉस ठरलेल्या क्रमाने एकेक डिस्क तपासतो, बूट होण्याजोगी सापडली की तिचा पहिला सेक्टर मेमरीत आणतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. डेल आणि थिंकपॅडवर एफ12 दाबून, एचपीच्या बऱ्याच मॉडेलांवर एफ9 दाबून हा क्रम तेवढ्यापुरता बदलता येतो. इथवर सर्व सिस्टीम सारख्याच. पुढे त्यांच्या वाटा फुटतात, आणि पेन ड्राइव्हवरून कोणती सुखाने चालेल व कोणती छळेल हे तिथेच ठरते.

डॉस शेवटपर्यंत डिस्कसाठी बायॉसवर विसंबून असतो. बायॉसने पेन ड्राइव्हला हार्ड डिस्क म्हणून पुढे केले की तो नेमका कुठे लावला आहे याच्याशी डॉसला देणेघेणे नसते. त्यामुळे 1994 मध्ये सुरू झालेला फ्रीडॉस हा मोफत डॉस काही एमबी जागेत बसतो आणि वीस वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर काही सेकंदांत उघडतो. जुनी डॉसवरची हिशेबाची पॅकेजे किंवा डीबेस या जुन्या डेटाबेसच्या फाइली पाहण्यासाठी एवढे पुरते.

एक्सपीचे तसे नाही. तिचा लोडर बायॉसच्या मदतीने कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि सुरुवातीचे ड्रायव्हर मेमरीत आणतो. मग कर्नल बायॉसला बाजूला सारून हार्डवेअर स्वतःकडे घेतो आणि यूएसबी पोर्ट नव्याने सुरू करतो. यूएसबीचे ड्रायव्हर मात्र त्याच्या लेखी ‘नंतर, लागले तर’ या खात्यात असतात. म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडायची, असा प्रकार होतो. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर विंडोजचा लोगो येतो, खालचे निळे ठोकळे थोडेसे सरकतात आणि पडदा निळा पडतो. त्यावरच्या स्टॉप कोडच्या, म्हणजे त्रुटीच्या क्रमांकाच्या, शेवटी 7बी असते. अर्थ इतकाच, की ज्या डिस्कवरून सिस्टीम सुरू झाली तीच आता तिला सापडत नाही. पेन ड्राइव्ह खराब आहे असे समजून नवा आणणारे पुष्कळ असतात. नव्यावरही तेच दिसते.

यावरचा उपाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात आहे. यूएसबीच्या संबंधित ड्रायव्हरांची ‘स्टार्ट’ किंमत 3 असते, ती 0 करून त्यांना बूटच्या पहिल्या तुकडीत घ्यायचे. एवढ्यावर सुटका होत नाही. पेन ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टमध्ये लावला की विंडोज ते ड्रायव्हर पुन्हा बसवते आणि किंमत परत 3 वर जाऊ शकते. मग पुढच्या वेळी पुन्हा निळा पडदा. म्हणून एक्सपीचा असा पेन ड्राइव्ह एका लॅपटॉपच्या एकाच पोर्टला वाहिलेला ठेवणे शहाणपणाचे. मायक्रोसॉफ्टने अधिकृतपणे पेन ड्राइव्हवरून चालणारी विंडोज दिली ती 2012 मध्ये, विंडोज 8 च्या एंटरप्राइज आवृत्तीत, ‘विंडोज टू गो’ या नावाने. 2020 च्या विंडोज 10 आवृत्तीत ती काढूनही टाकली. एक्सपी आणि विंडोज 7 च्या वाट्याला ही सोय कधी आलीच नाही.

यूएसबीचा नाद सोडला तर एक सरळ वाट उरते. पूर्वी कॅमेऱ्यांत असलेले कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आयडीई, म्हणजे जुन्या जोडणीच्या हार्ड डिस्कचीच भाषा बोलते. 44 पिनांच्या साध्या अडॅप्टरवर ते बसवून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी सरकवले की एक्सपीला ती नेहमीची हार्ड डिस्क वाटते. रजिस्ट्रीत खाडाखोड नाही, निळा पडदा नाही. स्क्रू काढून कार्ड बदलले की सिस्टीम बदलली. काटेकोरपणे पाहिले तर ही ‘बाहेरची’ साठवण नव्हे, पण ज्याला काम उरकायचे आहे त्याने हीच वाट धरावी.

लिनक्स या बाबतीत सर्वांत समजूतदार. लाइव्ह सीडी, म्हणजे इन्स्टॉल न करता सीडीवरून थेट चालणारी सिस्टीम, लोकांपर्यंत नेली ती 2000 मध्ये आलेल्या नॉपिक्सने, आणि 2003 मध्ये आलेल्या पपी लिनक्सने ती कमी रॅमच्या यंत्रांवर आणली. यांत सगळी सिस्टीम एका दाबून बसवलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते आणि केलेले बदल वरच्या वेगळ्या थरात साठतात. बूट होताना आधी एक छोटी तात्पुरती सिस्टीम मेमरीत उतरते, यूएसबी जागे होईपर्यंत थांबते आणि मगच मोठी फाइल शोधते. पपी तर रॅम पुरेशी असेल तर स्वतः पूर्ण रॅममध्ये जाऊन बसते, मग पेन ड्राइव्ह काढला तरी चालतो.

लॅपटॉपच्या मर्यादा

फार जुन्या लॅपटॉपांच्या बायॉसला यूएसबीवरून बूट होणे ठाऊकच नसते. तिथे प्लॉप नावाचा छोटा बूट मॅनेजर सीडीवरून सुरू करून त्याच्यामार्फत पेन ड्राइव्हकडे जाता येते. काही बायॉसमध्ये यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एचडीडी असे तीन पर्याय दिसतात, तिसरा निवडावा. पेंटियम एम प्रोसेसरच्या काही मॉडेलांत पीएई ही जास्त मेमरी हाताळण्याची सोय जाहीर केलेली नसते, त्यामुळे बरेच लिनक्स कर्नल त्यांच्यावर सुरू व्हायलाच नकार देतात. अशा वेळी बूट करताना ‘फोर्सपीएई’ हा शब्द जोडून पाहावा. नव्या लॅपटॉपांत अडचण उलटी आहे. त्यांत जुन्या बायॉसची नक्कल करणारा भागच आता नसतो, म्हणून एक्सपीसाठी जुना लॅपटॉपच लागतो.

यूएसबी 2.0 चा कागदावरचा वेग सेकंदाला 480 मेगाबिट, हातात येतो तो साधारण 30 मेगाबाइटच्या आसपास. खरी रखडपट्टी होते ती छोट्या छोट्या लिखाणांत. स्वस्त पेन ड्राइव्ह मोठी फाइल झरझर घेतो आणि शंभर बारीक फाइली घेताना धापा टाकतो. यूएसबी 1.1 असेल तर विचारच सोडावा.

गोव्याच्या हवेचा मुद्दा इथे बाजूला ठेवता येत नाही. पणजीत वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कपाटात ठेवलेल्या सीडीवर आणि ड्राइव्हच्या भिंगावर बुरशी धरते, रॅमच्या सोनेरी पट्ट्या आणि यूएसबीचे संपर्क काळवंडतात. ‘लॅपटॉप मेला’ म्हणून दुकानात आलेल्या यंत्राची रॅम काढून, पट्ट्या साध्या खोडरबराने पुसून परत बसवली की ते चालू होते, असे पावसाळ्यात अनेकदा घडते. लाइट गेल्यावर बॅटरी नसलेला लॅपटॉप क्षणात बंद होतो. त्या वेळी पेन ड्राइव्हवर लिखाण चालू असेल तर फाइल सिस्टीम बिघडते. सिस्टीम फक्त वाचण्यापुरती आणि कामाच्या फाइली वेगळ्या पेन ड्राइव्हवर, अशी विभागणी असेल तर नुकसान आटोक्यात राहते. शिवाय संपूर्ण पेन ड्राइव्हची एक प्रतिमा (जशीच्या तशी प्रत) चालत्या संगणकावर ठेवावी, म्हणजे बिघडला तर अर्ध्या तासात दुसरा तयार होतो.

आणखी एक बारीक चीज म्हणजे मदरबोर्डवरची घड्याळाची बॅटरी. बऱ्याच लॅपटॉपांत ती सीआर2032 या प्रकारची, काहींत वायर जोडलेली असते. ती संपली की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते आणि बूटचा क्रमही विसरला जातो. ब्राउझर मग प्रत्येक साइटचे प्रमाणपत्र चुकीचे असल्याची तक्रार करतो. दोष इंटरनेटचा नसतो.

गोव्यात याची गरज कुठे पडते

सर्वांत मोठे कारण मराठी मजकूर आहे. युनिकोड ही अक्षरांची प्रमाण संकेतपद्धत रुळण्यापूर्वीची जवळजवळ सगळी मराठी छपाई पेजमेकर हे पानमांडणीचे सॉफ्टवेअर आणि श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकचे आयएसएम या मराठी टायपिंगच्या पॅकेजांच्या जोडीने होत असे. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात: कुठे ‘क’ चा अर्धा भाग, कुठे नुसता काना, कुठे रफार. तो फॉन्ट संगणकात नसेल तर फाइल उघडल्यावर दिसतो रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला. फोंडा, म्हापसा, डिचोली, पेडणे अशा ठिकाणच्या छापखान्यांत लग्नपत्रिका, जत्रेच्या कार्यक्रमपत्रिका, भजनाच्या पुस्तिका, देवस्थानांचे अहवाल आणि महाजनांच्या (देवस्थानच्या सदस्यांच्या) याद्या वर्षानुवर्षे याच पद्धतीने लागल्या. नवी यादी काढायची तर जुन्या फाइलीत चार नावे बदलणे सोपे, सगळी पुन्हा टाइप करणे जिकिरीचे.

फाइल हाती असली तरी सॉफ्टवेअर चालायला हवे. अशा पॅकेजांच्या अनेक आवृत्त्यांना प्रिंटरच्या (पॅरलल) पोर्टमध्ये लावायचे हार्डवेअर लॉक असे, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे. लॉकचा ड्रायव्हर 32 बिटचा. 64 बिट विंडोज तो स्वीकारतच नाही. नव्या लॅपटॉपला ते पोर्टही नाही. म्हणून पॅरलल पोर्ट असलेला जुना लॅपटॉप, त्याच्यात एक्सपी आणि मागे लॉक, हे त्रिकूट छापखान्यात टिकून राहते. त्याची हार्ड डिस्क बंद पडली की पेन ड्राइव्ह किंवा फ्लॅश कार्डाची आठवण होते. लॉक नसेल तर मात्र एवढा खटाटोप करू नये. नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला आतला संगणक) करून त्यात एक्सपी टाकावी, ती पेन ड्राइव्हपेक्षा वेगवान आणि सुरक्षितही असते.

उघडलेला मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे खरे काम, आणि जुनी सिस्टीम त्यासाठी वापरली तर तिचे चीज होते. फॉन्टनुसार बदल करणारे कन्व्हर्टर मिळतात. त्यांच्या हातून ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास चुकतात, कारण जुन्या फॉन्टांत ती चिन्हे दिसण्याच्या क्रमाने टाइप होत आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने ठेवली जातात. ‘कार्तिक’ सारख्या एका शब्दात दोन्ही एकत्र येतात. तेव्हा मुद्रितशोधन टळत नाही. आडनावांच्या यादीत तर मुळीच नाही.

दुसरा वापर वेर्णा, कुंडई यांसारख्या औद्योगिक वसाहतींशी संबंधित. जुन्या यंत्रांचे पीएलसी (यंत्र चालवणारे नियंत्रक), वजनकाटे आणि मोजणीची उपकरणे सीरियल पोर्टवरून बोलतात, त्यांची सॉफ्टवेअर डॉस किंवा एक्सपीवरची. सीरियल पोर्ट असलेला लॅपटॉप अशा ठिकाणी भंगाराच्या भावाने जात नाही.

जुन्या यंत्रांत लिनक्स टाकून ती पुन्हा कामाला लावणे गोव्याला नवे नाही. 2000 च्या आसपास गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळांना मिळवून दिले, आणि त्यांत लिनक्सचा वापर झाला. पुढे सरकारच्या सायबरएज योजनेमुळे विद्यार्थ्यांच्या घरात संगणक आले. आखातात किंवा जहाजावर नोकरीला असलेल्यांनी आणलेल्या लॅपटॉपांची त्यात भर पडली. त्यातले बरेच आज माळ्यावर आहेत.

धोके आणि परवाना

जुनी सिस्टीम नेटवर्कपासून तोडून ठेवावी, यात मध्यममार्ग नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारे मालवेअर पसरल्यावर मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही पॅच काढावा लागला, यावरून काय ते समजावे. क्रोमने एक्सपीची साथ 2016 मध्ये सोडली, फायरफॉक्सने 2018 मध्ये. एक्सपीसोबतचा इंटरनेट एक्स्प्लोरर टीएलएस 1.2 ही सुरक्षित जोडणीची पद्धत जाणत नाही, त्यामुळे बँकेची किंवा सरकारी साइट उघडतच नाही, आणि ते बरेच आहे. वायफाय बंद ठेवले तरी धोका पेन ड्राइव्हमधून येतो. 2008 मध्ये आलेला कॉन्फिकर व्हायरस ऑटोरनच्या (ड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्राम आपोआप सुरू करण्याच्या सोयीच्या) आधारे असाच फिरला. गिऱ्हाइकाने दिलेल्या पेन ड्राइव्हवरचे फोल्डर शॉर्टकट होऊन बसणे डीटीपीवाल्यांना नवे नाही. ऑटोरन बंद करावा, आणि गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी लिनक्सवर उघडून पाहावा.

लॅपटॉपच्या तळाला चिकटवलेला विंडोजचा परवाना त्या यंत्रापुरता असतो. तीच एक्सपी पेन ड्राइव्हवर टाकून वेगवेगळ्या लॅपटॉपांना लावणे त्यात बसत नाही, आणि हार्डवेअर बदलले की एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागते ते वेगळेच. फ्रीडॉस आणि लिनक्सला हा प्रश्न नाही.

पर्याय म्हणून सुचवले जाणारे 32 बिट लिनक्सही आता आटत चालले आहे. उबंटूने 32 बिट डेस्कटॉपच्या सीडी 2017 मध्ये बंद केल्या, ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये 32 बिट इन्स्टॉलर नाही, फायरफॉक्सनेही 32 बिट लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या थांबवल्या. डॉसचे मात्र चालू आहे: फ्रीडॉस 1.4 एप्रिल 2025 मध्ये आला, आणि तो अजूनही बायॉसलाच विचारून डिस्क वाचतो.